चोच

ऑर्डर आली ती एका फोटोसकट.
मुठीत मावेल एवढा पक्षी, ओलं शेवाळ,
मागे सगळं पांढरं.
मालक म्हणाले, राजेशम, हा ढगातल्या जंगलात राहतो,
लांब कुठल्याशा देशात, डोंगराच्या अंगावर.
सहाशे चादरी. नमुना आठ दिवसांत.
रंग दोनच, केशरी आणि पांढरा. बाकीचे परवडत नाहीत.

नानांनी फोटो लांब धरला, जवळ धरला.
"ढगात जंगल, की जंगलात ढग?"
साखर पेठेत कुणाला ठाऊक असणार.
एप्रिल होता. पत्रा तडतडत होता,
माठाच्या बुडाशी वाटीभर पाणी.
दारात विड्या वळणारी आई मान तिरपी करून म्हणाली,
"पिट्ट बागुंदि."
झालं. त्याचं नाव पिट्ट.

मग चौकटीचा कागद, शिसपेन, खोडरबर.
छातीला बावीस घरं. शेपटीला नऊ.
डोळ्याला एकच, तेही कोरं सोडायचं.
ढगाला काय द्यायचं यात दोन रात्री गेल्या.
शेवटी म्हणाले, ढगाला काहीच द्यायचं नाही.
पट्टीला भोक पडलं की दोरा उठतो,
नाही पडलं तर खाली पडून राहतो.
राहू दे पडून. तोच ढग.

तिसाव्या वर्षी मागांनी त्यांचे कान नेले,
खटखट खटखट करत, हप्त्याहप्त्याने.
आम्ही त्यांच्याशी नुसत्या ओठांनी बोलतो.
कारखान्यात सगळे तसेच बोलतात,
आमच्या घरात भांडणंसुद्धा शांत होतात.

त्यांनी विचारलं, गातो का हा?

मी मोबाइलवर शोधलं. गात होता.
आधी सुईएवढी बारीक शीळ,
मग काचेच्या बांगड्या परातीत ओतल्यासारखं,
मग गप्प.
आणि त्या गप्प बसण्यात
पानांवरून पाणी गळत होतं, थेंब थेंब,
आमच्या माठापेक्षा जास्त.
मी ओठांनी म्हटलं, "बांगड्या."
त्यांनी नकारार्थी मान हलवली.
फोन माझ्या हातातून घेतला,
खालच्या बारक्या जाळीवर अंगठा ठेवला,
डोळे मिटले.
"परत लाव."
परत.
नऊ वेळा लावलं मी.

त्या रात्री पंच दोनदा जास्त पडला.
मला झोप नव्हती, मी मोजत होते.
फोटोतल्या पिट्टची चोच मिटलेली.
आमच्या नमुन्यातली
उघडी.

मालकांनी नमुना पाठवला, तो तसाच परत आला.
सोबत एक ओळ: चोच फोटोप्रमाणे हवी.
नाना काही बोलले नाहीत.
जुन्या पट्टीचा कपटा फाडला, खळ लावली,
दोन भोकं बुजवली,
वरून नख फिरवलं.
मग सहाशे पक्षी तोंड मिटून
अक्कलकोट रोडवरून ट्रकने गेले.
पैसे वेळेवर आले. पंखा दुरुस्त झाला,
माझी परीक्षेची फी भरली.
तक्रार करावी असं काही घडलं नाही.

नमुना आमच्याकडेच राहिला.
गड्ड्याच्या जत्रेत थंडी पडते तेव्हा मी तो पांघरते.
एका बाजूने केशरी पक्षी, पांढरा ढग.
उलटा केला की ढग केशरी
आणि त्यात एक पांढरा पक्षी,
डोळ्याचं तेवढं एक घर पेटलेलं.
चोच दोन्हीकडून उघडी.

आई म्हणते, केशरी बाजू बाहेर घे,
मळखाऊ आहे.
नाना काही म्हणत नाहीत.
माझा फोन कोपऱ्यात चार्जिंगला लावलेला असतो, बंद,
तरी कधीकधी जाता जाता
त्यावर अंगठा ठेवून बघतात.